नागसेनवनातील अध्यापकांचे अध्ययन

शैक्षणिक संस्थेचा इतिहास लिहिला जातो तेव्हा कोनशिला केव्हा बसली, इमारत कोणी बांधली, पहिले प्राचार्य कोण, पहिल्या वर्षी विद्यार्थी किती, या गोष्टींची नोंद आवर्जून होते. विद्यापीठाच्या वार्तापत्रांतून आणि वार्षिकांतून अमुक प्राध्यापकांना पीएच. डी. मिळाली, तमुक प्राध्यापकांची पदोन्नती झाली, कोणी परिसंवादात निबंध वाचला, कोणी परदेशी जाऊन आले, अशा वार्ता छापल्या जातात. त्या आपण वाचतो, अभिनंदन करतो आणि विसरतो. परंतु या लहानलहान वार्तांमागे एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला असतो. जो शिकवितो त्याने स्वतः शिकत राहावे यासाठी समाजाने काय केले? त्याला वेळ दिला काय? ग्रंथ दिले काय? उद्याच्या भाकरीची निश्चिती दिली काय?

हा प्रश्न छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील नागसेनवनाच्या संदर्भात विचारणे अधिक उचित होय. कारण ज्या समाजाला शतकानुशतके शिकण्याचीच बंदी होती, त्या समाजातून तेथे केवळ विद्यार्थीच नव्हे, तर अध्यापक निर्माण झाले. विद्यार्थ्याला वर्गात बसण्याचा अधिकार मिळणे ही एक क्रांती आहे. त्याने पुढे त्याच वर्गात उभे राहून ज्ञानात स्वतःची भर घालणे ही दुसरी. पहिल्या क्रांतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात दुसरीचा विचार करावयाचा आहे.

विनयातील आचार्य

अध्यापकाच्या पात्रतेचा विचार भारतात विद्यापीठ अनुदान आयोगापासून सुरू झाला, असे समजण्याचे कारण नाही. विनयपिटकातील महावग्गात या विषयाची सविस्तर चर्चा आहे. प्रारंभी संघात नव्याने आलेल्या भिक्षूंना मार्गदर्शन करणारे कोणी नसे. त्यामुळे त्यांच्या वर्तनात उणिवा राहात आणि लोक टीका करीत. म्हणून तथागतांनी उपाध्याय व आचार्य यांची व्यवस्था घालून दिली. पिता-पुत्राप्रमाणे त्यांनी एकमेकांशी वागावे, असे सांगितले. उपसंपदा देणाऱ्या भिक्षूला दहा वर्षे पूर्ण झालेली असावीत, असा नियम केला.

पण नियम येथेच थांबला नाही. दहा वर्षे भरली आहेत एवढ्याच बळावर काही अज्ञ भिक्षू शिष्य करू लागले. आचार्य अडाणी आणि शिष्य जाणता, असा विपरीत प्रकार दिसू लागला. तेव्हा नियमात दुरुस्ती झाली. दहा वर्षे तर हवीतच, शिवाय तो भिक्षू व्यक्त म्हणजे जाणकार आणि समर्थ असला पाहिजे. शिष्याच्या बाबतीतही असाच विवेक केलेला आहे. जो जाणकार आहे त्याने पाच वर्षे आचार्याच्या आश्रयाने राहावे. जो नाही त्याने आयुष्यभर राहावे.

सेवाज्येष्ठता आणि योग्यता यांतील हा भेद अडीच हजार वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे मांडला गेला, ही विचार करण्यासारखी बाब आहे. वर्षे मोजणे सोपे असते, योग्यता मोजणे अवघड. संघाने अवघड गोष्ट टाळली नाही.

नागसेनाची शिदोरी

दुसरा दाखला ज्या ग्रंथावरून नागसेनवनाला नाव मिळाले त्या ‘मिलिंदपञ्ह’चा आहे. राजा मिलिंद हा सागल नगरीचा यवन राजा. वादविवादात त्याच्यापुढे कोणी टिकत नसे. आयुपाल नावाच्या भिक्षूला त्याने प्रश्न केला आणि तो निरुत्तर झाला. अशा राजाला उत्तर देऊ शकला तो नागसेन. ही कथा बहुतेक वाचकांना परिचित आहे. परंतु नागसेन हा राजासमोर येण्यापूर्वी किती जणांचा विद्यार्थी होता, इकडे सहसा लक्ष जात नाही.

ग्रंथातील वृत्तांतानुसार त्याने प्रथम वेदांचे अध्ययन केले. नंतर रोहण स्थविरांकडून तो अभिधम्म शिकला. आपल्या उपाध्यायाविषयी त्याच्या मनात एकदा हीन विचार आला. तेव्हा रोहणांनी, मिलिंद राजाच्या प्रश्नांची उत्तरे देशील तरच क्षमा करीन, अशी अट घातली. त्यानंतर तो वत्तनिय येथे अस्सगुत्त स्थविरांकडे राहिला. तेथून त्याला पाटलिपुत्रातील अशोकारामात धम्मरक्खित स्थविरांकडे पाठविण्यात आले. तेथे त्याने तीन महिन्यांत त्रिपिटकाचे शब्द आणि पुढील तीन महिन्यांत त्याचा अर्थ आत्मसात केला. एवढे झाल्यावरही धम्मरक्खितांनी त्याला गुराख्याची उपमा देऊन जागे केले. गुराखी गाई राखतो, पण दूध दुसरेच पितात. तसे ग्रंथ पाठ असूनही त्यांचे फळ तुला मिळालेले नाही, असा त्याचा आशय होता.

येथे तीन आचार्य आहेत, तीन ठिकाणे आहेत आणि एका आचार्याने आपल्या शिष्याला अधिक जाणत्या आचार्याकडे स्वतःहून पाठविल्याचा प्रसंग आहे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर नागसेनाला अभ्यासरजा मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली आणि मार्गदर्शक बदलण्याची मुभाही मिळाली. या शिदोरीवर तो सागलास गेला. पुढे याच ग्रंथात आचार्याने शिष्याच्या बाबतीत पाळावयाचे पंचवीस गुण सांगितलेले आहेत. आणि चर्चा राजा म्हणून करणार असाल तर मी बोलणार नाही, पंडित म्हणून करणार असाल तर बोलेन, ही नागसेनाची अटही याच ग्रंथात आहे. जो स्वतः पुरेसा शिकला आहे त्यालाच सत्तेसमोर अशी अट घालता येते.

मराठी पालि-पंडितांची परंपरा

आधुनिक काळात पालीचे अध्यापन महाराष्ट्रात रुजले ते अशाच शिकत्या शिक्षकांमुळे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी कोणतीही विद्यापीठीय पदवी नव्हती. सिंहलद्वीपात जाऊन ते विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले, ब्रह्मदेशात राहिले. कलकत्ता विद्यापीठात त्यांना पाली शिकविण्याचे काम मिळाले. तेथील वेतन सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची दरमहा पन्नास रुपयांची मदत स्वीकारली. कारण त्यांना महाराष्ट्रात राहून काम करावयाचे होते. पुढे अमेरिकेत हार्वर्ड येथे त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’च्या संशोधित आवृत्तीवर परिश्रम घेतले. ती आवृत्ती १९५० मध्ये प्रकाशित झाली, तेव्हा कोसंबी हयात नव्हते. १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले होते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात कोसंबींनी पाली शिकविली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हे एक होते. बापट स्वतः पालीचे अध्यापक झाल्यावरही थांबले नाहीत. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ चिनी भाषांतरातून उपलब्ध असल्याने त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि ‘विसुद्धिमग्गा’शी त्याची तुलना करून १९३२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. बुद्धाच्या २५०० व्या जयंतीच्या निमित्ताने भारत सरकारने १९५६ मध्ये प्रकाशित केलेल्या बौद्ध धर्माच्या इतिहासग्रंथाचे संपादन त्यांच्याकडे आले, ते या व्यासंगामुळे. मुंबईत ना. के. भागवत यांनी पाली ग्रंथ देवनागरीत आणण्याचे काम केले. आर. डी. वाडेकर यांनी संपादिलेला ‘मिलिंदपञ्हो’ मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेत १९४० मध्ये निघाला. त्यापूर्वी हा ग्रंथ अभ्यासावयाचा तर ट्रेंकनर यांची १८८० ची रोमन लिपीतील आवृत्ती हाती घ्यावी लागे. औरंगाबादेत मिलिंदाच्या नावाचे महाविद्यालय उभे राहण्यापूर्वी मिलिंदाचा ग्रंथ देवनागरीत येऊन पोचला होता, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मात्र या परंपरेची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. हे सर्व विद्वान थोर होते, त्यांचे ऋण आपल्यावर आहे; परंतु पालीची विद्या त्या काळी पुणे-मुंबईच्या मोजक्या महाविद्यालयांपुरती आणि मोजक्या समाजांपुरती सीमित होती. ज्यांच्या पूर्वजांचा धम्माशी तुटलेला संबंध जोडावयाचा होता, ते या वर्गांत अजून पोचले नव्हते.

शिक्षकाच्या खुर्चीतून पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर

बाबासाहेबांच्या जीवनातील एका निर्णयाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी अस्पृश्य समाजातील तरुणाला अशी जागा मिळणे ही असामान्य गोष्ट होती. वेतन चांगले होते आणि कुटुंबाची गरज मोठी होती. तरीही दीड वर्षाच्या आतच, मार्च १९२० मध्ये, त्यांनी ती नोकरी सोडली. साठविलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारावर ते पुन्हा लंडनला विद्यार्थी म्हणून गेले. १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तेव्हा त्या पदावर आलेला मनुष्य एकदा प्राध्यापकपद सोडून पुन्हा शिकून आलेला होता.

विद्यापीठाविषयीचे त्यांचे विचारही येथे आठवावे लागतात. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या समितीपुढे १९२० च्या दशकात त्यांनी सविस्तर उत्तरे दिली. त्यात अध्यापन आणि संशोधन यांची फारकत करू नये, पदवीपूर्व वर्ग आणि पदव्युत्तर वर्ग यांच्यात भिंत उभारू नये, अशी त्यांची भूमिका होती. संशोधन करणाऱ्याने शिकवावे आणि शिकविणाऱ्याने संशोधन करावे, असा याचा सरळ अर्थ. महाविद्यालय म्हणजे परीक्षेची शिकवणी आणि विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी कचेरी, ही व्यवस्था त्यांना मान्य नव्हती. लोकशिक्षण संस्थेची, म्हणजे पीपल्स एज्युकेशन सोसायटीची, स्थापना त्यांनी ८ जुलै १९४५ रोजी केली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, त्यामागे हा विचार होता.

१९५० : औरंगाबाद

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अत्यंत तुटपुंजी होती. औरंगाबादला १९२३ पासून शासकीय महाविद्यालय होते. परंतु १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी बोलणाऱ्या खेड्यातील दलित मुलाच्या वाट्याला ही विद्या येण्याचा संभव फारसा नव्हता. अशा वेळी, जून १९५० मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला.

या दोन नावांची जोडी अर्थपूर्ण आहे. महाविद्यालय आहे ते प्रश्न विचारणाऱ्याचे. ज्या भूमीवर ते उभे आहे ती उत्तर देणाऱ्याची. प्रश्न विचारणारा विद्यार्थी घडवावयाचा असेल तर त्याला उत्तर देऊ शकणारा अध्यापक तेथे असला पाहिजे, अशी ही मागणीच होती.

ती मागणी कोणी पूर्ण केली? सुरुवातीच्या काळातील प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. प्राचार्यपदाचा कारभार सांभाळून त्यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. अस्पृश्यतेचा इतिहास रंगभूमीवर आणणारे हे नाटक बाबासाहेबांच्या हयातीतच रंगमंचावर आले. महाविद्यालयाचा प्राचार्य विद्यार्थ्यांसाठी नाटक लिहितो आणि विद्यार्थी ते सादर करतात, ही घटना वार्षिक अहवालात एका ओळीत संपते. परंतु त्या ओळीमागे अध्यापकाचे लेखन, विद्यार्थ्याचे वाचन आणि समाजाचे आत्मभान एकत्र आलेले असते.

डॉ. म. ना. वानखेडे यांचा दाखला तर आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी येतो. १९२४ मध्ये जन्मलेले वानखेडे उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. तेथे त्यांना कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याचा जवळून परिचय झाला. पदवी घेऊन ते परतले आणि मिलिंदचे प्राचार्य झाले. अमेरिकेतील विद्रोही साहित्याचे त्यांनी जे वाचन केले होते, ते त्यांनी आपल्या कपाटात ठेवले नाही. नागसेनवनातील तरुण अध्यापकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे त्यांनी एक प्रश्न ठेवला. तेथील काळ्या माणसाने आपल्या वेदनेचे साहित्य केले. आमचे साहित्य कोठे आहे? परदेशी शिक्षणाची संधी एका अध्यापकाला मिळाली आणि तिचे फळ एका संपूर्ण पिढीने चाखले. धम्मरक्खितांच्या उपमेतील गुराख्याप्रमाणे ते नुसते राखणदार राहिले नाहीत.

१९६७ मध्ये ‘अस्मिता’ या नावाने त्रैमासिक निघाले आणि पुढे ते ‘अस्मितादर्श’ या नावाने चालले. मराठीचे अध्यापक डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते अनेक दशके चालविले. पानतावणे १९३७ मध्ये नागपुरात जन्मले. मिलिंद महाविद्यालयात आणि पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात त्यांनी अध्यापन केले. बाबासाहेबांच्या पत्रकारितेवरील संशोधनासाठी त्यांनी डॉक्टरेट मिळविली, ती वयाच्या पन्नाशीच्या सुमारास. तोवर त्यांनी शेकडो नवोदितांचे लेखन वाचून, दुरुस्त करून छापलेले होते. ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे गावोगावी भरले. ज्याला आज ‘अध्यापकाचा व्यावसायिक विकास’ म्हणतात तो पानतावणे यांच्या बाबतीत असा झाला. टपालाने आलेली हस्तलिखिते, छापखान्याची मुद्रिते आणि वर्गातील तास या तिन्हींतून तो घडत गेला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्यांचे निधन झाले.

विद्यापीठ आणि लेणी

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. सु. रा. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू. विद्यापीठाच्या परिसरालगतच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. वेरूळ जवळ आहे, अजिंठा सुमारे शंभर किलोमीटरवर. अशा ठिकाणच्या इतिहासाच्या अध्यापकासमोर साधनांचा साठा उघड्या आभाळाखाली पडलेला होता. आर. एस. गुप्ते यांनी बी. डी. महाजन यांच्यासह अजिंठा, वेरूळ व औरंगाबाद येथील लेण्यांवर लिहिलेला ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे गुप्ते यांचा हिंदू, बौद्ध व जैन मूर्तिशास्त्रावरील ग्रंथही आला. परदेशी प्रवाशांनी आणि अधिकाऱ्यांनी ज्या लेण्यांची वर्णने लिहिली, त्यांवर लेण्यांच्या परिसरातील अध्यापकाने लिहिणे हे विद्यापीठाच्या स्थापनेचे एक सार्थक होते.

याच अजिंठ्यात सव्विसाव्या लेण्यातील शिलालेख आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात भिक्षू बुद्धभद्राने ते लेणे खोदविले. लेखात त्याने आपला शिष्य भद्रबंधू आणि धर्मदत्त यांचाही उल्लेख केला आहे. कामावर देखरेख त्यांनी केली. दात्याचे नाव दगडावर येणे नेहमीचे आहे. शिष्याचे नाव गुरूने स्वतःच्या लेखात कोरविणे हे मात्र त्या काळच्या आचार्य-अंतेवासी संबंधांवर प्रकाश टाकते. आज संशोधन-मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्याचे काम स्वतःच्या नावे छापतात, अशा तक्रारी ऐकू येतात तेव्हा बुद्धभद्राची आठवण होते.

विद्यापीठाच्या इतिहासातील एक पर्व अध्ययनाचे नव्हते, संघर्षाचे होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती विद्यार्थ्यांची शिक्षणे अर्धवट राहिली आणि किती अध्यापकांच्या संशोधनाची उमेदीची वर्षे मोर्चे, तुरुंग व न्यायालये यांत गेली, याचा हिशेब विद्यापीठाच्या कोणत्याही वार्तापत्रात आढळणार नाही. त्यांनी समाजासाठी दिलेला तो वेळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्यांना हा संघर्ष करावा लागला नाही, त्या अध्यापकांनी तीच वर्षे अभ्यासिकेत घालविली, हे पदोन्नतीच्या यादीत समोरासमोर येते.

योजना आणि त्यांचे रूपांतर

शासनाने अध्यापकांच्या अध्ययनाचा विचार केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यापक सुधार योजनेत महाविद्यालयीन शिक्षकाला एम. फिल. किंवा पीएच. डी.साठी शिष्यवृत्ती मिळे. महत्त्वाचे म्हणजे त्याच्या जागी बदली शिक्षक नेमण्याचा खर्चही आयोग देत असे. ही तरतूद शहाणपणाची होती. अध्यापक रजेवर गेला तर वर्ग ओस पडत नव्हते, आणि वर्ग ओस पडतील या सबबीवर त्याची रजा अडविण्याचे कारण प्राचार्यांना उरत नव्हते. ग्रामीण महाविद्यालयातील, पहिल्या पिढीतील कितीतरी शिक्षकांनी या योजनेच्या आधारे संशोधन पूर्ण केले.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांतून अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. चार आठवड्यांचे उद्बोधन वर्ग आणि तीन आठवड्यांचे उजळणी वर्ग सुरू झाले. २०१५ मध्ये त्यांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले. २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाखाली चालतात. चांगल्या वर्गात जालन्याचा, किनवटचा, चंद्रपूरचा अध्यापक एकत्र येतो, नवीन ग्रंथांची माहिती घेऊन परततो. परंतु हे वर्ग पदोन्नतीच्या अटीशी बांधले गेले तेव्हा हेतू हळूहळू बदलला. वर्गात काय शिकलो यापेक्षा प्रमाणपत्र मिळाले की नाही, याला महत्त्व आले. २०१० च्या नियमावलीने गुणांकन आणले. प्रत्येक निबंधाला गुण, प्रत्येक परिसंवादाला गुण. त्याचा परिणाम असा की, पैसे घेऊन निबंध छापणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. विनयातील अज्ञ भिक्षूने दहा वर्षे मोजली होती. आपण निबंध मोजू लागलो. योग्यतेऐवजी मोजदाद, हा दोष तोच.

ज्यांच्यापर्यंत योजना पोचतच नाही

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. या सर्व योजना मुख्यतः कायम अध्यापकासाठी आहेत. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अनेक जागा रिक्त आहेत आणि तेथे तासिका तत्त्वावर शिक्षक काम करतात. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते; सुट्टीत ते बंद होते; पुढच्या जूनमध्ये नेमणूक होईल की नाही याची शाश्वती नसते. त्यांच्यापैकी अनेकांनी नेट किंवा सेट उत्तीर्ण केली आहे, पीएच. डी. घेतली आहे. त्यांतील मोठा वर्ग दलित, भटक्या, आदिवासी आणि मागास समाजांतून आलेल्या पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीचा आहे. स्त्रिया त्यांत मोठ्या संख्येने आहेत. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या, अशी धावपळ करणाऱ्या शिक्षकाला अभ्यासरजा कोणापासून मागावयाची? ज्याला रजाच नाही, त्याला अभ्यासरजा कोठून असणार?

वानखेडे अमेरिकेहून परतले तेव्हा त्यांना उभे राहण्यासाठी नागसेनवन होते. पानतावणे यांनी नियतकालिक चालविले तेव्हा महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार येईल ही खात्री त्यांच्यापाशी होती. आज त्यांच्याइतकीच बुद्धी असलेल्या तरुणापाशी ती खात्री नाही. प्रतिभा संपली असे म्हणून आपण हळहळतो. परंतु प्रतिभेला लागणारी किमान जमीन आपण काढून घेतली आहे, हे पाहात नाही.

पालीच्या अध्यापकाची स्थिती याहून बिकट आहे. २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील वैकल्पिक विषयांतून पाली वगळण्यात आली. त्यामुळे पालीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक व्यावहारिक आकर्षण संपले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठी, प्राकृत, असमिया व बंगाली यांच्याबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचे स्वागत सर्वांनी केले. परंतु दर्जा भाषेला मिळतो, शिकविणार माणूस. माणसाची जागा भरली नाही तर दर्जा कागदावर राहील.

ग्रंथांची अडचण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदाहून निघालेली देवनागरी त्रिपिटकाची ४१ खंडांची आवृत्ती, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने प्रसिद्ध केलेले छट्ठ संगायनाचे त्रिपिटक, ही सामग्री आज कोणत्याही विद्यार्थ्याला उपलब्ध होऊ शकते. बाबासाहेबांनी स्वतः सिद्ध केलेला पाली शब्दकोश व व्याकरण महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात १९९८ मध्ये प्रकाशित केले. मंत्रिपद, संविधान, हिंदू कोड बिल, आजारपण या सर्वांतून वेळ काढून ज्या माणसाने पाली शब्द एकेक करून जमविले, त्याच्या अनुयायांच्या विद्यापीठात पालीच्या अध्यापकाला तासावर मोजले जावे, ही विसंगती आहे.

कर्तव्य

या स्थितीत केवळ शासनाकडे बोट दाखवून भागणार नाही; शासनाला मात्र मोकळे सोडूनही चालणार नाही. रिक्त जागा भरणे, तासिका तत्त्वावरील शिक्षकाला किमान वर्षभराची नेमणूक देणे, प्रशिक्षणवर्गांत त्याला हक्काने प्रवेश देणे आणि बदली शिक्षकाच्या खर्चासह अभ्यासरजा देणारी जुनी तरतूद पुन्हा अमलात आणणे, या मागण्या प्राध्यापक संघटनांनी वेतनश्रेणीच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडल्या पाहिजेत. नामांतरासाठी रस्त्यावर आलेल्या समाजाला, त्या नावाच्या विद्यापीठात शिकविणाऱ्यांच्या जागांसाठी रस्त्यावर येणे अवघड नाही.

आपल्या हातातील गोष्टीही आहेत. वर्षावासात विहारांतून प्रवचने होतात. त्याच तीन महिन्यांत एखादा निकाय किंवा ‘मिलिंदपञ्ह’ मुळातून वाचण्याचा वर्ग चालविता येईल आणि तो चालविण्याचे काम त्या शहरातील पालीच्या तासिका शिक्षकाला मानधन देऊन सोपविता येईल. जयंतीच्या खर्चातील अल्पसा भाग दरवर्षी एका तरुण अध्यापकाच्या संशोधन-प्रवासासाठी राखून ठेवता येईल. निवृत्त प्राध्यापकांनी आपले ग्रंथसंग्रह विहारांच्या ग्रंथालयांना द्यावेत आणि आठवड्यातून एक दिवस तेथे बसून नव्या शिक्षकाच्या लेखनाची हस्तलिखिते वाचावीत. अस्सगुत्तांनी नागसेनाला पुढील आचार्याकडे पाठविले, तसे आपल्यापेक्षा जाणत्या अभ्यासकाकडे आपल्या विद्यार्थ्याला पाठविण्याचा मोठेपणा मार्गदर्शकांनी दाखवावा.

आणि विद्यापीठांच्या वार्तापत्रांत यापुढे जेव्हा अध्यापकांच्या यशाच्या वार्ता छापल्या जातील, तेव्हा संपादकांनी त्यांत दोन ओळी अधिक द्याव्यात, अशी विनंती आहे. या वर्षी किती अध्यापकांना अभ्यासरजा मिळाली, आणि किती जागा रिक्त राहिल्या. अभिनंदनाच्या स्तंभाशेजारी हे दोन आकडे दरवर्षी येत राहिले, तर पुढील इतिहासकाराला नागसेनवनाचा खरा वृत्तांत लिहिता येईल.